काकांची सही

चर्चच्या पॅरिश ऑफिसात फादरांनी लग्नाआधीचा तो फॉर्म माझ्या लेकीसमोर सरकवला आणि म्हणाले, "सही फक्त तुझी. त्यानं नुसतं ऐकायचं, समजून घ्यायचं."

मग त्यांनी मजकूर सावकाश वाचून दाखवला. मी माझी श्रद्धा जपेन, आणि होणाऱ्या मुलांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक श्रद्धेत वाढावीत यासाठी माझ्या हातून होईल ते सारं करेन, अशा अर्थाचा. लेकीनं एक-दोन शंका विचारल्या आणि सही केली. जावई पंचवटीतला, हिंदू घरातला. तो शेजारी बसून लक्षपूर्वक ऐकत होता. अशा लग्नासाठी बिशपांकडून सूट मिळायला किती दिवस लागतील, एवढंच त्यानं विचारलं. दहा मिनिटांत काम झालं. दोघं पत्रिकेच्या छपाईबद्दल बोलत बाहेर पडले.

मला तिथून लगेच उठता आलं नाही. याच कागदापायी माझी आत्या तेरा वर्षं चर्चच्या शेवटच्या बाकावर बसली होती.

आमचं मूळ गाव राहुरी तालुक्यात. जर्मन जेझुईट फादर नगर जिल्ह्यात फिरत होते त्या काळात पणजोबांचा स्नानसंस्कार झाला. गावकुसाबाहेरचं घर. आजोबा कॅटेकिस्ट मास्तर होते. तुटपुंज्या पगारावर सायकलवरून वाड्यावस्त्या करायचे, मुलांना 'नमो मरिये' शिकवायचे, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचे, फादर येणार असले की लोकांना गोळा करायचे. 'निरोप्या' मासिकाचा अंक आला की ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे, कारण ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. त्यांची थोरली मुलगी, म्हणजे माझी आत्या, नर्सिंग शिकली आणि नाशिकरोडला नोकरीला लागली. तिथं तिची काकांशी ओळख झाली. काका सिन्नरकडच्या शेतकरी घरातले, नोटप्रेसमध्ये कामाला.

१९६३ साली दोघं लग्नाचं विचारायला त्या वेळच्या फादरांकडे गेली. फादरांनी कागद काढला. त्यावर दोन सह्या हव्या होत्या, एक तिची आणि एक त्यांची. तेव्हा १९१७ची धर्मसंहिता, म्हणजे चर्चचा कायदा, लागू होती. सगळी मुलं कॅथलिकच होतील असं दोघांनी वचन द्यायचं, आणि पत्नीच्या श्रद्धेला आपल्याकडून बाधा येणार नाही असं बिगर-कॅथलिक नवऱ्यानं वेगळं लिहून द्यायचं. एवढं करूनही लग्न वेदीसमोर लागणार नव्हतंच. असली लग्नं चर्चबाहेर, आशीर्वादाचा विधी न करता लावायची, असा नियम होता.

काकांनी सही केली नाही. ते मला पुढे कितीतरी वेळा सांगायचे, आणि दर वेळी त्याच शब्दांत. "अगं, आम्ही दिवसभर वचनच छापायचो. नोटेवर लिहिलेलं असतं ना, मी धारकाला इतके रुपये द्यायचं वचन देतो, आणि खाली सही. ती सही खरी नसेल तर नोटेचा नुसता कागद. तिची प्रार्थना मी कधी बंद करणार नव्हतो. पोरं तिच्यासोबत चर्चला गेली असती तरी मी हरकत घेतली नसती. पण माझ्या आईला न विचारता, जन्मालाही न आलेल्या पोरांबद्दल आधीच लिहून देणं मला खोटं वाटलं."

मग रजिस्टर लग्न. तीस दिवसांची नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागली. कोणीतरी ती वाचली आणि आत्यानं स्वतः गावी जाऊन सांगायच्या आत आजोबांच्या कानावर घातली. मास्तरांची मुलगी. आजोबांनी तिला पत्र लिहिलं नाही, गावी बोलावलं नाही, आणि वस्त्यांवर शिकवायला जाणंही कित्येक महिने बंद ठेवलं. बाबा तेव्हा नुकतेच प्रेसमध्ये लागले होते, बहिणीपासून पायी वीस मिनिटांच्या अंतरावर राहत होते. तरी ते लग्नाला गेले नाहीत. आज ते शहाऐंशीचे आहेत. विषय निघाला की अजून खिडकीबाहेर बघतात.

चर्चच्या दृष्टीनं ते लग्न झालंच नव्हतं. त्यामुळे आत्याला कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली नाही, आणि कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद नाही. मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला येण्याची मात्र मनाई नव्हती, म्हणून ती दर रविवारी यायची आणि शेवटच्या बाकावर कडेला बसायची. मी लहानपणी तिच्याजवळच बसायचा हट्ट धरायचे. कम्युनियनची रांग निघाली की आत्या गुडघे बाजूला वळवून बाकावरच्या इतरांना बाहेर पडायला वाट द्यायची आणि मान खाली घालायची. १९७४ साली माझं पहिलं कम्युनियन झालं. पुढच्या रविवारी मी तिला ओढत म्हणाले, चल ना तूपण. ती म्हणाली, "तू जाऊन ये. माझं पोट भरलंय." परत आले तेव्हा तिचा रुमाल ओला होता. पोट भरलेलं माणूस रडतं का, हे मी घरी येऊन आईला विचारलं होतं.

ती चर्च सोडून का गेली नाही? सोडणं सोपं होतं. काकांच्या घरानं तिला जमेल तसं सामावून घेतलं होतं, आणि नाशिकरोडला प्रार्थनासभा घेणारे इतर पंथही होते. हे मी तिला मोठेपणी विचारलं. तिचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आहे: "आपल्या आज्यानं एकदा घर सोडलं, तेव्हा कुठं माणसात आलो. आता मी परत कुठं सोडू?"

नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला या वाक्याचं वजन समजावून सांगावं लागत नाही. याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. बंद दारासमोर माणूस किती काळ उभा राहू शकतो आणि केव्हा पाठ फिरवतो, हे आमच्या वस्त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आत्याचं घराणं आधीच एका दाराकडे पाठ फिरवून आलेलं होतं. ज्या घरात ते आले, तिथंही तिला दाराशीच बसावं लागलं. तरी ती बसली. याला मी आज्ञाधारकपणा म्हणत नाही. हे घर माझंही आहे, असं ती तेरा वर्षं दर रविवारी न बोलता सांगत होती.

आता थोडं कायद्याबद्दल. ही गोष्ट मला बऱ्याच उशिरा उमगली आणि तेव्हापासून मनातून जात नाही. १८७२ साली इंग्रज सरकारनं नोंदणी विवाहाचा कायदा केला, तेव्हा लग्न करणाऱ्या दोघांना लिहून द्यावं लागे की आम्ही ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, यांतला कुठलाच धर्म मानत नाही. म्हणजे लग्न हवं तर आधी धर्म नाकारायचा. पुढे त्यात काही सवलती आल्या, पण ख्रिस्ती माणसाला आपला धर्म सांगून हिंदू माणसाशी नोंदणी विवाह करता यावा ही सोय स्वतंत्र भारताच्या १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं केली. आत्या आणि काका दोघंही आपापली श्रद्धा न सोडता नवरा-बायको होऊ शकले ते या कायद्यामुळे. १९६३ साली नाशिकच्या त्या कचेरीनं त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला धक्का लावला नाही. चर्चनं लावला. चर्चवर प्रेम करणारी बाई म्हणून हे लिहिताना मला त्रास होतो, पण घडलं ते असं.

तेव्हा रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती, १९६२ ते १९६५. आपल्याकडे तिची आठवण निघते ती बहुधा मिस्सेपुरती: लॅटिन गेली, मराठी आली, फादर वेदीमागून लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. माझ्या दृष्टीनं खरी उलथापालथ ७ डिसेंबर १९६५ रोजी झाली. त्या दिवशी परिषदेनं धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. श्रद्धेच्या बाबतीत कोणाही माणसाला त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागायला भाग पाडू नये, आणि हा हक्क माणूस म्हणून असलेल्या त्याच्या प्रतिष्ठेतूनच येतो, असं चर्चनं तिथं म्हटलं. एकदा हे मान्य केल्यावर काकांसमोर सरकवलेला कागद टिकणं अवघड होतं. १९६६ साली पहिली ढील मिळाली. १९६७च्या बिशपांच्या सिनडमध्ये, म्हणजे सल्लासभेत, मिश्र विवाहांवर चर्चा झाली. आणि ३१ मार्च १९७० रोजी पोप पॉल सहावे यांनी नवा नियम काढला: वचन फक्त कॅथलिक व्यक्तीनं द्यायचं, तेही 'माझ्याकडून होईल तितकं' अशा मर्यादेत. दुसऱ्याला त्याची स्पष्ट कल्पना द्यायची, बस. १९८३च्या धर्मसंहितेत तेच कायम राहिलं.

१९७०. आत्याला हे कळलं १९७६ मध्ये.

तेही एक तरुण फादर नव्यानं बदलून आले आणि तिसऱ्या-चौथ्या रविवारी मिस्सेनंतर शेवटच्या बाकाजवळ येऊन त्यांनी विचारलं म्हणून, "बाई, तुम्ही कम्युनियनला का येत नाही?" तिनं सांगितलं. ते त्याच संध्याकाळी घरी गेले, चहा घेतला, काकांशी बोलले. आता तुमच्या सहीची गरज नाही, म्हणाले. काका गप्प झाले आणि मग त्यांनी विचारलं, "हे केव्हापासून?" सहा वर्षांपासून, हे ऐकल्यावर ते उठून अंगणात गेले. कागदपत्रं पुण्याला बिशपांकडे गेली, कारण नाशिकचा वेगळा धर्मप्रांत १९८७ साली झाला, त्याआधी आम्ही पुणे धर्मप्रांतात होतो. फादरांनी जी वाट निवडली तिचं लॅटिन नाव मी नंतर शोधून काढलं, 'सनात्सियो इन रादिचे', म्हणजे मुळातून बरं करणं. त्यात नवरा-बायकोला पुन्हा शपथ घ्यावी लागत नाही. १९६३ साली दोघांनी एकमेकांना दिलेला होकार खरा होता आणि अजून टिकून आहे, हे चर्च मान्य करतं, आणि त्याच होकारावर त्यांचं लग्न उभं राहतं, मागच्या तारखेपासून.

त्या रविवारी आत्या रांगेत उभी राहिली. बाबा तिच्या मागे उभे होते. आजोबा गावाहून आले नाहीत, पण त्यांनी बाबांच्या हाती गुळाची ढेप पाठवली.

ही गोष्ट मी धाकट्या भावाला अनेकदा ऐकवली आहे. तो वीस वर्षं आयर्लंडमध्ये आहे, वहिनी तिथं नर्स. भाऊ माझ्याहून जास्त वाचतो आणि माझ्याहून जास्त नियमानं रोझरी म्हणतो. सुधारणा म्हटलं की तो अस्वस्थ होतो. "ताई, तू दार उघडल्याची गोष्ट सांगतेस. मी दार उघडं असलेल्या रिकाम्या घरात राहतो," असं तो म्हणाला होता. त्यांच्या गावातल्या चर्चमध्ये रविवारी दिसतात ते केरळचे, पोलंडचे, ब्राझीलचे लोक आणि काही पिकल्या केसांचे आयरिश. तो मला आकडे पाठवतो: जर्मनीत २०२२ या एका वर्षात ५ लाख २२ हजारांहून अधिक कॅथलिकांनी सरकारी कचेरीत जाऊन चर्चमधून नाव काढून घेतलं. त्याचं म्हणणं, चर्च जगासारखं व्हायला गेलं, आणि जगासारख्याच जागेत यायची जगाला गरज वाटेना.

मी त्याच्याशी भांडते. आयर्लंडमध्ये लोकांचा विश्वास उडाला तो मिस्सा इंग्रजीत आल्यामुळे नव्हे. २००९ साली मुलांवरच्या अत्याचारांचे चौकशी अहवाल बाहेर आले, वर्षानुवर्षं काय झाकलं गेलं ते लोकांनी वाचलं. जर्मनीतल्या बिशपांनी आणि प्रापंचिकांनी २०१९ मध्ये सुधारणांची चर्चा सुरू केली, तीही अशाच अहवालानंतर. सुधारणेनं घर रिकामं केलं हे मला पटत नाही. त्याच वेळी, आणखी सुधारणा करा म्हणजे घर भरेल असं ठामपणे सांगणाऱ्यांचंही मला पटत नाही. दोन्ही बाजू युरोपातल्या रिकाम्या बाकांकडे बघून आपापला निष्कर्ष काढतात आणि तो मोबाइलवरून आमच्यापर्यंत येतो. आमच्या इथं बाक का रिकामा होतो? रविवारी सकाळी क्लास असतो म्हणून, मुलं पुण्याला आयटीत गेली म्हणून, लेकराच्या आजारपणात कोणी विचारपूस केली नाही पण शेजारच्या प्रार्थनासभेतली माणसं घरी आली म्हणून. आमच्यापैकी देव नाही असं म्हणत गेलेला मला तरी एकही भेटलेला नाही. आणि 'सेक्युलर' हा शब्द भावाच्या तोंडी श्रद्धेच्या शत्रूसारखा येतो, तसा तो माझ्या तोंडी येऊच शकत नाही. या देशात मूठभर असलेल्या आम्हाला धर्मनिरपेक्ष राज्यानंच सावली दिली आहे. आत्याला तर चर्चच्या आधी दिली.

पण भावाचं एक वाक्य मला परतवता आलेलं नाही. एकदा फोनवर बराच वेळ वाद झाल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "आत्याला प्रसाद मिळत नव्हता म्हणून ती रडायची. आता कोणी रडतं का गं?"

सिनडच्या निमित्तानं २०२२ साली आमच्या पॅरिशमध्येही बैठक झाली. पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या साध्या कॅथलिकांचं म्हणणं ऐकायचं ठरवलं होतं, त्याचा हा आमच्या हॉलमधला भाग: प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फिरता माईक, छापील प्रश्न. चर्चपासून कोण दुरावलं, असा प्रश्न आला तेव्हा मी आत्याची गोष्ट सांगितली. ती आता जुनी, इतिहासजमा झालेली, असं समजून सांगितली. चहाच्या वेळी तीन बायका माझ्याकडे आल्या. एकीच्या मुलानं रजिस्टर लग्न केलं होतं, दुसरीच्या पुतणीनं, तिसरीनं स्वतः. तिघीही कम्युनियन सोडून बसल्या होत्या. पहिल्या दोघींना तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या लग्नामुळे स्वतः दूर राहायची गरजच नव्हती. तिसरीला मार्ग होता. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं, कारण विचारलं की ओरडा बसतो असं त्यांच्या आयांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. रोममध्ये १९७० उजाडून बावन्न वर्षं झाली होती आणि आमच्या हॉलमध्ये चहाचा कप धरून १९६३ उभं होतं.

त्या दिवसापासून सुधारणेवरच्या वादांत माझं मन लागत नाही. चर्च फार बदललं की कमी बदललं, यावर तावातावानं बोलणारे सगळे एक गोष्ट गृहीत धरतात, की बदल पोहोचला आहे. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये सिनडच्या सभेत प्रथमच स्त्रियांनी मत दिलं, २०२४ मध्ये अंतिम दस्तऐवज मंजूर झाला आणि पोप फ्रान्सिस यांनी वेगळं पत्र न लिहिता तोच चर्चच्या हाती सोपवला, या बातम्यांनी मला खरंच आनंद झाला. पण माझ्या मनात सुधारणा म्हटलं की १९७६चे ते तरुण फादर येतात. त्यांनी नियम बदलला नव्हता. तो सहा वर्षं आधी बदललेला होता. ते शेवटच्या बाकापर्यंत चालत आले, एवढंच. हॉलमधल्या त्या तिसऱ्या बाईला मी पुढच्या आठवड्यात फादरांकडे घेऊन गेले. तिचं काम व्हायला चार महिने लागले. त्यानंतर पहिल्यांदा रांगेत उभी राहताना ती रडली. मी ते भावाला कळवलं. त्यानं फक्त हात जोडल्याची खूण पाठवली.

लेकीचं लग्न जानेवारी २०२५ मध्ये झालं. वेदीसमोर, माणसांनी भरलेल्या चर्चमध्ये. मिस्सा नव्हती, अशा लग्नात ती सहसा नसते. बायबलचं वाचन, शपथा, अंगठ्या, आशीर्वाद. जावयाची आजी पंचवटीहून नऊवारी नेसून आली होती आणि वाचन चालू असताना हात जोडून बसली होती. विधी संपल्यावर रजिस्टरवर सह्या व्हायच्या होत्या. साक्षीदार कॅथलिकच हवा असं नसतं. लेकीनं काकांना हाक मारली.

काका नव्वदीचे. आत्या २०१२ साली गेली. बाबांनी त्यांना हाताला धरून पुढे आणलं. त्यांनी चष्मा लावला आणि फादरांना म्हणाले, "आधी वाचू द्या." रजिस्टरचं पान त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, तारखेवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मागे फोटोवाला ताटकळला होता, कोणी त्यांना घाई केली नाही. मग त्यांनी सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि शाई वाळेपर्यंत तिथंच उभे राहिले.

लेक-जावई पुण्याला परत गेले. ती दर रविवारी मिस्सेला जाते का, हे मी विचारत नाही. कधी जाते, कधी नाही, असं तिच्या बोलण्यातून कळतं. भावाचा प्रश्न माझ्यापाशी आहे, आणि तो तिला विचारायची वेळ आली आहे की नाही ते मला ठरवता आलेलं नाही.

काका मात्र येतात. त्यांचा स्नानसंस्कार कधी झाला नाही, त्यांनी मागितला नाही, आणि आत्यानंही त्यांना कधी म्हटलं नाही. ती होती तोवर ते तिला स्कूटरवरून चर्चच्या फाटकाशी सोडायचे आणि बाहेर थांबायचे. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेलाही तसेच, गर्दीच्या कडेला उभे राहायचे. ती गेल्यानंतरच्या रविवारी ते पहिल्यांदा आत आले. तेव्हापासून रिक्षानं येतात आणि शेवटच्या बाकावर, कडेला, तिच्या जागी बसतात. कम्युनियनची रांग निघाली की काठी सावरतात, गुडघे बाजूला वळवतात आणि बाकावरच्या बाकीच्यांना वाट देतात.